फुकटचा मुक्काम, ओढ्याचं पाणी आणि मामाचं शेत

पत्र

ताई, नमस्कार.

मी साताऱ्यातच राहतो, नोकरी करतो आणि तीन वर्षांपासून इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत भटकंतीवर लिहितो. एका लेखाचं मानधन ४०० रुपये. पेट्रोलही सुटत नाही, पण हौस आहे. इन्स्टाग्रामवर माझं पेज आहे, ते आता बऱ्यापैकी चालतं.

गेल्या महिन्यात कास रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने बोलावलं. दोन रात्री, आई-वडील आणि बायकोसह, खाणंपिणं सगळं त्यांचं. माणसं खरंच चांगली. आईचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावरची खोली दिली, वडिलांना पथ्याचं वेगळं जेवण करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या उतारावर फिरायला गेलो, तर स्वयंपाकघराच्या बाजूने एक पाइप ओढ्यात सोडलेला दिसला. पाणी फेसाळ होतं, वास येत होता. ओढा खाली एका वाडीकडे जातो. निघताना मॅनेजर म्हणाले, 'लेख छापायच्या आधी एकदा आमच्या नजरेखालून जाऊ द्या. आणि रील जरा लवकर टाका.' संपादकांना पाइपाचं सांगितलं तर ते म्हणाले, 'तेवढं वगळ, ते आपले जाहिरातदार आहेत.' बायको म्हणते, त्यांनी आईंचं एवढं केलं, त्यांच्याविरुद्ध कसं लिहिणार?

दुसरी गोष्ट जास्त टोचते. जावळी खोऱ्यात मामाचं गाव आहे. गावामागच्या धबधब्याचं रील मी जुलैत लोकेशनसकट टाकलं. त्यानंतरच्या दोन्ही रविवारी तिथे गाड्यांची रांग लागली. वाट मामाच्या खाचरांच्या बांधावरून जाते. बांध फुटला, नुकतीच लावणी झालेला भात तुडवला गेला, बाटल्या पडल्या. मामा माझ्याशी बोलत नाहीत.

आता कोयनेच्या जलाशयाकाठच्या तापोळ्याकडून मुक्कामाचं आणखी एक आमंत्रण आलंय. काय करू? प्रवासलेखकाला काही नियम असतात, की ज्याचं त्याने ठरवायचं?

एक भटका, सातारा

उत्तर

नमस्कार.

लेख मॅनेजरना दाखवू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आज संध्याकाळपर्यंत उरकून टाक, कारण लेख अजून छापून आलेला नाही आणि तोवरच हे तुझ्या हातात आहे. सरळ निरोप पाठव: 'तुमच्याकडे आमची फार छान सोय झाली, मनापासून आभार. लेख छापण्याआधी कुणाला दाखवायची पद्धत मी ठेवलेली नाही. खोल्यांचे दर, साताऱ्यापासूनचं अंतर, बुकिंगची माहिती एवढं मात्र तुमच्याकडून पुन्हा तपासून घेईन.' दर आणि अंतर तपासणं तुझं कामच आहे, त्यासाठी दहा फोन करावे लागले तरी करावेत. मजकूर वाचायला देणं ही वेगळी गोष्ट. एकदा दिलास की पाइपाची ओळ आधी जरा सौम्य होते, मग निघून जाते आणि तुझ्या नावाखाली त्यांचं माहितीपत्रक छापलं जातं.

आता तुझ्या बायकोचं म्हणणं. तुझी खरी अडचण तिनेच सांगितली आहे. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. कुणाच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन बाहेर पडलो आणि चारचौघांत त्या घराची निंदा केली, तर आपली आईच आपल्याला दारात उभं करणार नाही. हे संस्कार चांगलेच आहेत. रिसॉर्ट चालवणाऱ्यालाही ते ठाऊक असतात, म्हणून आमंत्रण तुला एकट्याला नव्हतं, आई-वडिलांसह होतं. त्या लोकांनी आईंची खोटी काळजी घेतली असं मला म्हणायचं नाही. गुडघे पाहून तळमजल्यावरची खोली देणारा माणूस चांगलाच असणार. पण त्याच जलाशयाकाठी बामणोलीत होडीला उशीर झाला म्हणून एखादी म्हातारी घरात बोलावून चहा देते, तो पाहुणचार. तिला तुझ्याकडून काही नको असतं. रिसॉर्टने दोन रात्री आणि चार माणसांची जेवणं दिली, बदल्यात एक लेख आणि एक रील मागितलं. हा व्यवहार आहे. व्यवहारात पाप नाही. अडचण एवढीच की या व्यवहाराची किंमत तिसरंच माणूस मोजणार आहे आणि त्याला तो ठाऊकच नाही.

ते तिसरं माणूस डोळ्यांसमोर आण. कराडची एखादी शिक्षिका, दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांना दोन दिवस कुठे न्यावं म्हणून तुझा लेख कापून ठेवते. वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांतून ती ते बिल भरणार आहे. तुझं नाव छापलं जातं ते ती वाचते म्हणून. तू लेखक म्हणून जर कुणाचं मीठ खात असशील, तर ते तिचं. तिला तळमजल्यावरची खोली मिळेल का? तिच्या सासऱ्यांना पथ्याचं जेवण मिळेल का, की ते फक्त लेखकाच्या वडिलांना मिळालं? तू तिथे राहूनही तुला हे सांगता येत नाही, कारण तुझी सोय 'कोण आलंय' ते पाहून झाली. फुकट मुक्कामातला हा मोठा तोटा आहे आणि मनाने प्रामाणिक असलास तरी तो टळत नाही. म्हणून अशा ठिकाणी शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाशी बोलावं, त्यांना मिळालेली खोली पाहून यावी, गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला रात्री झोपायला जागा दिली का ते विचारावं. कास-महाबळेश्वर पट्ट्यात किती ड्रायव्हर रात्र गाडीतच काढतात, हे पुरवण्यांत मला फारसं वाचायला मिळत नाही.

नियम असतात का, असं तू विचारलंस. असतात, आणि त्यातले काही आता कायद्याने आलेले आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं निघाली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना दिल्या. नुसते पैसेच उघड करायचे असं त्यात नाही. फुकट मुक्काम, सहल, भेटवस्तू, सवलत, मालकाशी असलेलं नातं, सगळं सांगायचं, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगायचं. म्हणजे रील मराठीत आणि खाली वीस हॅशटॅगांच्या गर्दीत कुठेतरी इंग्रजी 'कोलॅब', हे चालत नाही. दिशाभूल ठरली तर पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात मानक परिषद ही जाहिरात व्यवसायाने स्वतःवर नेमलेली संस्था, तिचे नियम त्याही आधीचे, १४ जून २०२१ पासूनचे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीची खूण निदान ३ सेकंद दिसावी, त्याहून मोठा, दोन मिनिटांपर्यंतचा असेल तर एक-तृतीयांश वेळ दिसावी, इतकं ते बारकाईने सांगतात. आणखी एक. व्यवसायातून एका वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीची सोय किंवा वस्तू कुणाकडून मिळाली, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापायचा, अशी आयकराची तरतूद १ जुलै २०२२ पासून आहे. म्हणजे सरकारही तुझ्या मुक्कामाकडे पाहुणचार म्हणून बघत नाही.

छापील लेखासाठी प्रेस कौन्सिलची आचारसंहिता आहे. अर्थविषयक पत्रकारांना तिने स्पष्ट बजावलंय की कंपनीच्या खर्चाने भेट दिली असेल तर बातमीत तसं नमूद केलंच पाहिजे. शेअर बाजारावर लिहिणाऱ्याला जे लागू, ते रिसॉर्टवर लिहिणाऱ्याला का लागू नसावं? एका कुटुंबाची वर्षाची शिल्लक दोन्हीकडे सारखीच पणाला लागलेली असते. जागतिक पर्यटन संघटनेने १९९९ मध्ये चिलीतल्या सांतियागो इथे जी नीतिसंहिता स्वीकारली, तिच्या सहाव्या कलमात सहल कंपन्या आणि सरकारांच्या बरोबरीने प्रवासावर लिहिणाऱ्यांनाही जबाबदार धरलंय: माहिती प्रामाणिक, समतोल आणि अचूक हवी.

तेव्हा तुझ्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात, चौकटीत किंवा तळटिपेत नव्हे, असं लिही: 'या रिसॉर्टच्या निमंत्रणावरून मी कुटुंबासह दोन रात्री तिथे विनामूल्य राहिलो.' एवढंच. 'तरीही मी निःपक्षपातीपणे लिहीत आहे' वगैरे पुढे जोडू नकोस, ते वाचणाऱ्याला ठरवू दे. रीलवर पहिल्याच दृश्यात मराठीत 'निमंत्रणावरून, विनामूल्य मुक्काम'. आणि परवडत असेल तर अजूनही बिल मागून ते भर. हप्त्याने भरतो म्हणालास तरी त्यात कमीपणा नाही. परवडत नसेल तर घरखर्चाला कात्री लावून भरू नकोस, उघड सांगणं पुरेसं आहे.

कुठलीच फुकट गोष्ट घ्यायची नाही, असा कडक नियम पाळणारी प्रकाशनं जगात आहेत. 'कॉन्डे नास्ट ट्रॅव्हलर' हे अमेरिकेतलं मासिक १९८७ मध्ये याच भूमिकेवर निघालं: लेखकाने पैसे मोजूनच राहायचं. 'न्यूयॉर्क टाइम्स' आपल्या प्रवासपानांवर लिहिणाऱ्या बाहेरच्या लेखकांनाही फुकट सहली घेऊ देत नाही. त्यांना ते परवडतं. ४०० रुपयांत तू तेच पाळ असं मी सांगणार नाही. एवढं मात्र म्हणेन की ४०० रुपयांत प्रामाणिकपणे लिहिता येईल असं जग साताऱ्याच्या भोवती भरपूर आहे. सज्जनगडाला एसटी जाते. लिंबची बारा मोटांची विहीर आहे, मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा आहे, भिलारमध्ये मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं आणि कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही. मुक्कामाचे लेख वर्षातून एखाददुसरे, स्वखर्चाने. संपादकांकडे प्रवासखर्च माग. नाही म्हणतील, तरी माग.

आता ओढा. इथे घाई करू नकोस.

तू पाहिलास तो एक पाइप, एका सकाळी, एकदा. तेवढ्यावर 'हे रिसॉर्ट सांडपाणी ओढ्यात सोडतं' असं वाक्य छापता येत नाही. पाइप फुटलेला असेल, त्या दिवशी टाकी तुंबलेली असेल, किंवा ते रोजचंच असेल. पुन्हा जा, स्वतःच्या खर्चाने, दुपारच्या जेवणांच्या वेळी, जेव्हा स्वयंपाकघर जोरात चालू असतं. त्यांच्या आवारात शिरू नकोस, ओढ्याच्या कडेने जा. पाणी पाहा, तारीख-वेळेसकट फोटो काढ आणि तसाच ओढ्यासोबत वाडीपर्यंत चालत उतर. वाडीत पहिला प्रश्न रिसॉर्टबद्दल विचारू नकोस. प्यायचं पाणी कुठून आणता, धुणं कुठे धुता, जनावरं कुठे पितात, उन्हाळ्यात ओढ्याला किती पाणी राहतं, हे विचार. फेसाचं असेल तर आपोआप निघेल. कधीपासून, रोज की शनिवार-रविवारी, कुणी ग्रामपंचायतीत बोललं का, अर्ज दिला का, अर्जाची पोच आहे का.

आणि हे ध्यानात ठेव: त्या वाडीतली चार-दोन पोरं-बायका त्याच रिसॉर्टवर कामाला असणार. कुणी खोल्या झाडतं, कुणी भांडी घासतं. तुझ्याशी बोललेल्या बाईचं नाव छापून आलं, तर सोमवारी तिच्या सुनेला 'उद्यापासून येऊ नका' असं सांगितलं जाईल. तू तेव्हा साताऱ्यात घरी असशील. नाव छापू का, असं नुसतं विचारूनही भागत नाही. छापल्यावर काय होऊ शकतं ते तिला समजावून सांगून मग विचार. फोटोचंही तसंच. चुलीपाशी बसलेल्या आजीचा फोटो आपण किती सहज काढतो, आणि तो कुठे कुठे गेला हे तिला कधी कळतसुद्धा नाही.

मग रिसॉर्टच्या मालकांना लेखी विचार. वेटरला किंवा मॅनेजरला तोंडी नको. सांडपाण्याची व्यवस्था काय आहे, १९७४ च्या पाणी कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, लागत असेल तर घेतली आहे का, अमुक तारखेला हे दिसलं त्यावर तुमचं म्हणणं काय. उत्तराला चार दिवस दे. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय साताऱ्यातच आहे, तिथेही विचार. तोंडी दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक. हातात कागद येईपर्यंत 'बेकायदा' हा शब्द लिहू नकोस. कास रस्त्यावरच्या बांधकामांचा वाद जिल्ह्यात कुणाला नवा नाही, आणि अर्धवट माहितीवर लिहिलेला एक लेख पुढच्या खऱ्या लेखाचीही पत घालवतो. मालकांनी दरम्यान पाइप दुरुस्त केला, तर तेही लिही. वाडीला चांगलं पाणी मिळणं तुझ्या लेखापेक्षा मोठं आहे.

हे सगळं भटकंतीच्या सदरात मावणार नाही. मावायची गरजही नाही. ती बातमी आहे. गोळा झालेली माहिती तुमच्या दैनिकाच्या वार्ताहराकडे दे किंवा स्वतः बातमी कर. पण 'निसर्गाच्या कुशीतला स्वच्छ मुक्काम' असा लेख त्याच वेळी तुझ्या नावाने येता कामा नये. संपादक म्हणतात तेवढं वगळ. तेवढं वगळायचं असेल तर सगळा लेख मागे घे. त्यांना शांतपणे सांग की रिसॉर्टबद्दल फक्त चांगलंच छापायचं असेल, तर वर ठळक 'जाहिरात' लिहून, माझ्या नावाशिवाय छापा. बातमी आणि जाहिरात वाचकाला वेगळी ओळखता आली पाहिजे, हा वृत्तपत्रांचा जुनाच दंडक आहे, संपादकांना तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. सदर बंद होईल अशी तुला भीती वाटेल. होऊ शकतं. तरीही मी हेच सांगेन.

मामांचं मला तुझ्याइतकंच टोचलं. रील आणि लोकेशन आजच काढ. गुगल मॅपवर खूण टाकली असशील तर तीही काढून घेण्याची विनंती कर. लोकांनी साठवलेलं, दुसऱ्या पेजांनी उचललेलं परत येणार नाही, पण त्या पेजवाल्यांना फोन तरी कर. मग मामांकडे जा. समजावायला जाऊ नकोस, कामाला जा. जुलैत तुडवलेल्या लावणीचं नुकसान आता कापणीच्या वेळी दिसेल, खाचरात जिथे रोपांचे चुडच उरले नाहीत तिथे मोकळी जमीन असेल. कापणीला जा, बांध घालायला जा, भात किती कमी आला ते त्यांच्याच तोंडून ऐक आणि तेवढे पैसे त्यांनी नको म्हटले तरी मामींच्या हातात दे. नंतर गावातल्या चार जाणत्या माणसांना विचार की लोक येणारच असतील तर काय हवंय: वाट दुसरीकडून काढायची का, गाड्या कुठे लावायच्या, की कुणी यायलाच नको. ते जे म्हणतील ते तुझ्या पेजवर टाक. धबधबा तुझ्या मामाच्या गावाचा आहे, तो जगाला दाखवायचा की नाही हे गावाने ठरवावं.

ठिकाणाचं नाव कधी लिहावं, याची माझी साधी कसोटी आहे: आलेल्या माणसांना सांभाळायला तिथे कुणी आहे का? कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलं आणि सगळ्या जगाला त्याचं नाव कळलं. पण तिथे आजूबाजूच्या गावांची समिती आहे, आधी नोंदणी आहे, प्रवेशशुल्क आहे, अलीकडच्या हंगामांत दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे. कासचं नाव लिहिलंस तर जबाबदारी वाटून घ्यायला कुणीतरी आहे. मामाच्या गावात ना वाहनतळ, ना शौचालय, ना पोलीस. आहे तो एक बांध.

आणि कासलासुद्धा आपण काय दाखवतो त्याचा परिणाम होतोच. पठारावर सप्टेंबरात वाकून कधी नीट पाहा. काळ्या-तांबड्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, माती बोटभर, तिच्यात कस जवळजवळ नाहीच. तिथे सीतेची आसवं उगवतात, टिचभर देठावर निळं-जांभळं फूल. मातीतून पुरेसं पोषण मिळत नाही म्हणून हे झाड मातीखालच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. एवढ्या कष्टाने उभी राहिलेली अशी पन्नास-शंभर झाडं एका बुटाखाली जातात. फुलांच्या मधोमध मांडी घालून बसलेल्या मुलीचा फोटो तू टाकलास, तर खाली 'फुलं तुडवू नका' लिहून काही होत नाही. लोक फोटोचंच ऐकतात. पावसाळ्यातल्या धबधब्यांचंही तेच. जिल्हाधिकाऱ्यांनी एखादं ठिकाण बंद ठेवलं असताना तिथलं रील टाकायचं नाही, आणि कठड्यापलीकडे उभं राहून काढलेलं तर कधीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये साताऱ्याजवळच्या बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत कोसळली. तिला दोर लावून जिवंत वर काढता आलं. दर वेळी तसं होत नाही.

तू विचारलं नाहीस, पण एक सांगून टाकते. न गेलेल्या ठिकाणाबद्दल गेल्यासारखं लिहू नकोस आणि इकडून तिकडून उचललेले आकडे छापू नकोस. भांबवलीचा वजराई 'भारतातला सर्वात उंच धबधबा' असं बहुतेक लेखांत असतं, आणि तोच मान कर्नाटकातल्या कुंचिकलला देणारेही तितकेच लेख सापडतात. 'उंच धबधब्यांपैकी एक' लिहिल्याने वजराईचं काही कमी होत नाही. वासोटा किल्ल्याचंही तसंच. तो कोयना अभयारण्यात आहे, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि गडावर मुक्काम करता येत नाही. तरी 'वासोट्यावर तंबूत एक रात्र' असले लेख येतात. ते वाचून गेलेल्या पोरांवर गुन्हा दाखल झाला तर लेखक त्यांच्यासाठी धावत येणार आहे का?

तर तापोळा. जायचं असेल तर अटी आधी लिहून कळव: मी एकटा येईन, घरचं कुणी नाही. मुक्काम विनामूल्य होता हे पहिल्या परिच्छेदात येईल. लेख येईलच असं नाही, आला तर आधी दाखवणार नाही. बुकिंगमागे कमिशन घेणार नाही. हे शेवटचं मुद्दाम घाल, कारण त्या पट्ट्यात पेज चालवणारे काही जण तंबूंचं बुकिंग आणि प्लॉटची दलालीही करतात. 'नवीन महाबळेश्वर' या सरकारी पर्यटन प्रकल्पाची घोषणा झाल्यापासून तिथल्या जमिनीला डोळे लागलेले आहेत, आणि आपल्या लेखाने भाव चढतो. तुझ्या किंवा नातेवाइकांच्या नावावर तिकडे जमीन असेल तर तेही वाचकाला सांगावं लागेल. या अटींवर 'या' म्हणाले तर जा. 'बघून कळवतो' म्हणाले तर समजून घे.

गेलास तर 'मिनी काश्मीर' आणि निळंशार पाणी एवढंच लिहून परतू नकोस. तापोळ्याचा तो जलाशय, शिवसागर, हे कोयना धरणाचं पाणी आहे. त्याखाली गावं गेली. तिथली माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पाठवली गेली, काही वर डोंगरावर सरकून राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात याच खोऱ्याने माणसं गमावली. होडीवाल्या काकांना विचार की आत्ता आपण कुठल्या गावावरून चाललो आहोत. बऱ्याच जणांना सांगता येतं, आजोबांचं घर कुठल्या बाजूला होतं तेही. त्यांची परवानगी घेऊन ते लिही.

आई-वडिलांना तापोळा दाखवायचाच असेल तर वेगळा ने, होडीचं भाडं स्वतः भरून. आईंच्या गुडघ्यांना होडीत चढ-उतार झेपेल का, पाणी खाली गेल्यावर धक्क्यापासून किती चालावं लागतं, हे आधी बामणोलीत विचारून घे. आणि कळलं की लेखात टाक. कराडच्या त्या बाईंना सासूबाईंसाठी नेमकं हेच हवं असेल.